येण्याचे कारण

लॉजच्या नोंदवहीत नाव, वय, पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार असे रकाने असतात; आणि त्यांच्या शेजारी बोटभर रुंदीचा आणखी एक रकाना असतो. त्याच्या डोक्यावर ‘येण्याचे कारण’ असे छापलेले असते. माणूस या जगात कशाला आला, या प्रश्नाचे उत्तर देताना मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांची तारांबळ उडाली. परंतु दादरच्या एखाद्या लॉजात उतरणाऱ्याने मात्र ते एका शब्दात, उभ्याउभ्या आणि दुसऱ्याच्या बॉलपेनाने लिहावे अशी अपेक्षा असते. बहुतेक लोक ‘काम’ असे लिहून मोकळे होतात. मी २०२५ च्या फेब्रुवारीत त्या रकान्यात एक खोटा शब्द लिहिला. त्या शब्दाची हकीगत सांगावी, आणि ती सांगता सांगता तेव्हापासून मनात सलत असलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका गावी शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर दहावी, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. दोन कादंबऱ्या छापून आल्या आहेत. गावात त्या कोणी वाचल्याचे मला ठाऊक नाही, पण मी ‘लिहिते’ हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे माझे थोडेफार चमत्कारिक वागणे लोक खपवून घेतात. नाटक पाहण्याचे वेड हे त्या चमत्कारिकपणातलेच एक.

आता कोणी म्हणेल, कोकणातल्या माणसाला नाटकासाठी मुंबईला जायला कशाला हवे? आमच्याकडे कार्तिक उजाडला की जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो. लिहिलेली संहिता नाही, पडदा नाही, एक बाकडे, एक हार्मोनियम, पेटाऱ्यातून आलेली भरजरी वस्त्रे. आणि एवढ्यावर ती मंडळी रात्र उजाडवतात. साडी नेसलेला पुरुष द्रौपदीचा आकांत करू लागला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या खरोखरीच पदर डोळ्यांना लावतात. पहाटे दहीकाला होतो आणि लोक घरी जातात. हे नाटक मी आईच्या मांडीवर निजून पाहिले आहे आणि आजही पाहते. तेथे तिकीट नाही, खोली नको, आणि मुख्य म्हणजे तू कशाला आलीस असे कोणी विचारत नाही. देवाच्या जत्रेला आलेल्या माणसाने चार घटका आनंदात घालवल्या तर त्याचा हिशेब देवाच्या खात्यात जातो.

मुंबईच्या नाटकाचे तसे नाही. त्याला आपण केवळ नाटकासाठी जातो. त्या जाण्याला देवाचे, लग्नाचे, औषधपाण्याचे असे कोणतेही कूस नसते. आणि कूस नसलेल्या आनंदाकडे आपला समाज संशयाने पाहतो. त्यातून तो आनंद एकटीचा असला म्हणजे विचारायलाच नको. आमच्या घरी यजमानांना नाटकाची आवड नाही. त्यांना दोन तास एका खुर्चीत बसवणे हे त्यांच्यावर आणि नाटकावर सारखेच अन्याय करणारे ठरते, हे आम्हा दोघांनाही लग्नानंतर लवकरच कळून चुकले. ‘तू जाऊन ये,’ असे ते मोकळेपणाने म्हणतात. तरीही वर्षातून एकदा, फार तर दोनदा मी निघते तेव्हा शेजारीपाजारी मी एखादे कारण सांगून ठेवते. पुस्तकाच्या कामाला जाते म्हणते. हेही खोटेच, पण इतके सवयीचे झाले आहे की त्याची टोचणी लागत नाही. मोठ्या खोट्याला माणूस पोचतो तो अशा लहान लहान पायऱ्यांवरूनच.

पूर्वी मी डोंबिवलीला आतेबहिणीकडे उतरत असे. तिची दोन खोल्यांची जागा. नाटक दादरला साडेअकराला सुटे, मग गाडी पकडून मी एक-सव्वाला तिच्या दारात. ती जागी असे. ‘अगं, मला काही झोप येतच नव्हती,’ असे म्हणत वरणभात गरम करी. तिचा मुलगा एरवी कॉटवर निजणारा. मी गेले की त्याची वळकटी गॅलरीत जाई. कोणी कधी चकार शब्द काढला नाही. चार-पाच वर्षे मी हा पाहुणचार फुकट समजून घेत होते. एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तर तो मुलगा, तेव्हा बारावीच्या परीक्षेला बसलेला, गॅलरीत मोबाइलच्या उजेडात अभ्यास करत होता. दिवा लावला तर मावशीची झोप मोडेल म्हणून! त्या दिवशी मला कळले की फुकट असे काही नसतेच. पैसे दुसऱ्याने भरलेले असतात आणि पावती आपल्याला दाखवलेली नसते. त्यानंतर मी ठरवले की माझी चैन माझ्या पैशाने. खोली भाड्याने घ्यायची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांच्या कामाचे जे चार पैसे सुटतात ते आणि कादंबरीचे मानधन, असे मिळून वर्षाला एक फेरी बसते. हा निर्णय मला फार स्वाभिमानाचा वाटला होता.

खोली निवडणे ही एक विद्या आहे आणि ती कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. हल्ली खोल्यांची चित्रे मोबाइलवर दिसतात. त्यांतल्या पलंगपोसाचा पांढरेपणा हा माझ्या मते आधुनिक काळातला सर्वांत मोठा कल्पनाविलास होय. खरी परीक्षा दारात उभे राहूनच करावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे नाट्यगृहापासूनचे अंतर, आणि ते दिवसा नव्हे, रात्री साडेअकराला मोजायचे. वाटेत दुकाने कोणती, ती कितीला मिटतात, दिवे कोठे आहेत. दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमासमोर शिवाजी मंदिर आहे, १९६५ सालापासून. त्या बाजूला खोली परवडत नाही. म्हणून पूल ओलांडून पूर्वेला यायचे. दुसरी गोष्ट कडी. खोलीची कडी आतून नीट बसते की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तिसरी गोष्ट म्हणजे दिवस कोणता मोजतात. काही ठिकाणी दुपारी बाराला दिवस संपतो. काही ठिकाणी तुम्ही आल्यापासून चोवीस तास. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक जवळजवळ एका तिकिटाइतका पडतो. गरम पाणी सकाळी किती ते किती, संडास आत की बाहेर, खिडकी कोठे उघडते, या गोष्टी त्यानंतरच्या. वास मात्र प्रथमच घ्यावा. फिनेलचा वास अति असेल तर समजावे की त्याच्याखाली काहीतरी आहे.

परंतु ही सारी विद्या पुरुषाच्या कामाची. एकट्या बाईची परीक्षा खोली घेते. तिने खोलीची घ्यायची पाळीच येत नाही.

त्या शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने मी दादरला उतरले. (केशवसुतांच्या कवितेचे नाव गाडीला देण्याचे ज्या कोणाला सुचले त्याचे भले होवो, रात्रभर बसून अंग आंबले असले तरी नाव वाचून बरे वाटते.) पूर्वी ज्या ठिकाणी मी उतरत असे ते बंद होऊन तेथे मोबाइलचे दुकान झाले होते. पहिल्या लॉजात मॅनेजरने माझ्या पिशवीकडे पाहिले आणि मान हलवली. ‘लेडीज सिंगल देत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी खोली होती, चाव्या समोर खिळ्यांना लटकत होत्या. पण ‘फॅमिलीला देतो’ असे उत्तर मिळाले. मी म्हटले, मीही कोणाची तरी फॅमिलीच आहे. त्यावर तो हसला, पण चावी काही खिळ्यावरून निघाली नाही. माझे केस पांढरे होऊ लागले आहेत, तीन इयत्तांची पोरे मला घाबरतात, मतदार यादीत माझे नाव आहे. आणि एका कडीच्या खोलीसाठी मला माझ्या चारित्र्याचा जामीनदार पाहिजे होता. एकटा पुरुष असता तर त्याला आधार कार्डाखेरीज काही मागितले नसते.

तिसऱ्या लॉजाचा मॅनेजर वयस्क होता. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच विचारले, ‘दवाखान्याचं काम का, बाई?’

परळचे टाटा रुग्णालय तेथून जवळ. १९४१ सालापासून तेथे देशभरातून कर्करोगाचे रोगी येतात, आणि दादर-परळचे लॉज, धर्मशाळा, एवढेच काय पण रुग्णालयाबाहेरचे पदपथसुद्धा त्यांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. त्यामुळे सकाळच्या वेळी हातात पिशवी घेऊन आलेली, चेहरा ओढलेली बाई म्हणजे पेशंटचे माणूस, हा त्याचा तर्क अगदी स्वाभाविक होता. मी ‘नाही’ म्हणू शकले असते. मी काहीच म्हटले नाही. मान किंचित हलली असावी. त्याने नोंदवही पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘बाराशे रेट आहे. पेशंटवाल्यांना दोनशे कमी घेतो. एवढीच खोली राहिलीय.’ मी पेन घेतले आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यात माझ्या सुवाच्य, चित्रकला-शिक्षिकेच्या अक्षरात ‘वैद्यकीय’ असे लिहिले.

दोन दिवसांचे चारशे रुपये वाचले. रात्रीच्या नाटकाचे माझे तिकीट नेमके चारशेचे होते.

त्या वेळी मला अपराधी वाटले का? खरे सांगायचे तर मुळीच नाही. उलट एक प्रकारचा विजय वाटला. दोन दारांनी मला जे न्यायाने द्यायला हवे होते ते दिले नाही. तिसऱ्या दारातून मी ते युक्तीने मिळवले. टिळकांनी गीतारहस्यात, १९१५ साली छापलेल्या त्या ग्रंथातल्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, खऱ्याखोट्याचा मोठा ऊहापोह केला आहे. दरवडेखोर पाठलाग करत आले, लपलेली माणसे कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तर खरे सांगावे काय? महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला अशाच एका सत्यवादी कौशिकाची गोष्ट सांगतो. त्याने दरवडेखोरांना खरा रस्ता दाखवला, माणसे मेली आणि त्याच्या सत्याने त्याला नरकात नेले. मी वडिलांच्या कपाटातून काढून हे प्रकरण कधीकाळी वाचले होते, आणि अर्थ सगळा कळला नसला तरी एवढे मनात राहिले होते की ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याला खरे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक नाही. एकट्या बाईला तू कशाला आलीस, हे विचारण्याचा अधिकार लॉजच्या मॅनेजरला कोणी दिला? तेव्हा माझे खोटे हे खोटेच नव्हे, अशी माझी मी समजूत घालून आंघोळ केली आणि झोपले.

रात्री संगीत सौभद्र पाहिले. १८८२ सालचे हे नाटक. माझ्या पणजीच्या वेळचे. आणि गंमत पाहा, त्या नाटकातही एका पाहुण्याने खोटे कारण सांगून बिऱ्हाड मिळवले आहे! अर्जुन यतीचा वेष घेऊन येतो, भाबडा बलराम त्याला घरी आणतो, आणि सेवेला नेमतो ती प्रत्यक्ष सुभद्रेला. बलरामाने नोंदवही पुढे केली असती तर त्या यतीने ‘तीर्थयात्रा’ असेच लिहिले असते. सारे नाट्यगृह हसत होते. कृष्णाला सगळे ठाऊक असते आणि तो गालात हसत असतो. मला वाटले, तो माझ्याकडेही पाहून हसतो आहे. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई एकट्याच आल्या होत्या. प्रत्येक पद सुरू होण्याआधी त्यांचे ओठ हलत. आम्ही एकमेकींशी अक्षर बोललो नाही. नाटक सुटल्यावर त्या म्हणाल्या, ‘छान झालं, नाही?’ आणि गर्दीत नाहीशा झाल्या. एकटीने नाटक पाहण्यात काय असते, असे मला कोणी विचारले तर मी या बाईंचे हलणारे ओठ दाखवीन. घरचे माणूस शेजारी असले की आपले अर्धे लक्ष त्याला आवडते आहे की नाही याकडे राहते. ते लक्ष वर्षातून एका रात्री परत आपल्याकडे मागून घेणे हा गुन्हा आहे, असे मला तेव्हा वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही.

पदे गुणगुणत पुलावरून पूर्वेला आले. लॉजचे लोखंडी दार ओढून घेतलेले होते. पाणी भरणारा मुलगा जिन्याखाली चटईवर निजला होता तो डोळे चोळत उठला आणि त्याने दार सरकवले. आत बाकावर एक जोडपे बसले होते. पुरुषाच्या डोक्याला टोपी, मांडीवर रुग्णालयाची ती जाड प्लॅस्टिकची फाइल. बाईने पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. ती पेशंट होती हे सांगावे लागत नव्हते.

मॅनेजर मला म्हणाला, ‘जालन्याकडनं आलेत. दुपारी आले. धर्मशाळेत नंबर लागला नाही. सकाळपर्यंत इथं बसू दिलंय, काय करणार? एक खोली होती ती तुम्हांला गेली.’ त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्याच्या दृष्टीने एका पेशंटवाल्याला खोली मिळाली होती आणि दुसऱ्याला मिळाली नव्हती. तो पुरुष उठून उभा राहिला आणि मला हात जोडून म्हणाला, ‘ताई, तुमचं पेशंट कसं हाय आता?’

मी म्हणाले, ‘बरं आहे.’

हे दुसरे खोटे. पहिले लिहिताना मॅनेजरला विचारण्याचा अधिकार नव्हता असे मी म्हटले होते. या माणसाला होता. जगात कोणाला असेल तर त्याला होता.

वर खोलीत जाऊन मी कडी लावली. चांगली बसत होती. मी दिवा न लावता पलंगावर बसले, आणि माझ्या कादंबरीतल्या पात्रांना मी ज्या गाठी घालत असते तसली एक गाठ माझ्याच पुढ्यात आली. ती मला सोडवता आली नाही. पण तिचे पदर मी तेव्हापासून पुष्कळ वेळा उलगडून पाहिले आहेत. सकाळी मी ‘नाटकासाठी आले’ असे खरे सांगितले असते तर काय झाले असते? तिसऱ्या मॅनेजरनेही मला बहुधा हाकलले असते. तो माझ्यावर अन्याय झाला असता. आणि त्या अन्यायामुळे ती खोली दुपारी या आजारी बाईला मिळाली असती, म्हणजे जिला मिळायला हवी होती तिलाच मिळाली असती. अन्यायाने न्याय झाला असता. मी अन्यायाला बगल दिली, आणि माझा न्याय मिळवताना दुसरीवर अन्याय झाला. आता यात चूक कोणाची मोजायची? एकट्या बाईला दार बंद करणाऱ्या रिवाजाची, की त्या रिवाजाला खोट्याने फसवणाऱ्या माझी? माझे शिक्षित मैत्रमंडळ म्हणते, रिवाजाची. त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण रिवाज बाकावर बसत नाही.

कोणी असेही म्हणेल की बाई, तुम्ही हे विनाकारण मनाला लावून घेता. तुमच्या जागी खरोखरीचा पेशंटवाला आला असता तरी ही बाई बाकावरच बसली असती. हेही खरे. आणि त्याच्या उलट टोकाला जाऊन कोणी म्हणेल की जोवर परळच्या पदपथावर एक रोगी निजतो आहे तोवर नाटकावर चारशे रुपये खर्च करणे हेच पाप. या दुसऱ्या म्हणण्याला माझे उत्तर तयार आहे, निदान होते. बाकावर कोणी ना कोणी नेहमीच बसलेले असणार. त्याला खोली मिळेपर्यंत नाटक थांबवायचे ठरवले असते तर १८८२ साली सौभद्र झालेच नसते, आणि मग त्या रोग्याने बरे होऊन जगायचे ते कशासाठी? गाडगे महाराजांनी गावोगाव धर्मशाळा बांधवल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रोगी राहतात. तो माणूस स्वतः हातात फुटके मडके घेऊन हिंडला; पण रात्री कीर्तनाला उभा राहिला की हजारोंना हसवीत असे. त्याने हसणे आणि आसरा यांत भांडण लावले नाही. हे सारे मला पटते. फक्त हा युक्तिवाद करणारी मी त्या क्षणी कडी लावून बसलेली होते, आणि माझ्या खोलीच्या भाड्यातले दोनशे रुपये खाली बसलेल्या माणसांच्या नावाने कमी झालेले होते. सिद्धान्त बरोबर असला तरी तो मांडणाऱ्याच्या बुडाखाली कोणाची सतरंजी आहे हे पाहावे लागते.

वीस-पंचवीस मिनिटांनी मी खाली गेले आणि मॅनेजरला म्हटले, यांच्या मंडळींना माझ्या खोलीत निजू दे. तो आधी का-कू करू लागला. एका खोलीत एक माणूस, नोंद एकाची. मग त्या बाईकडे पाहून म्हणाला, ‘न्या.’

येथे लेख संपवला असता तर माझी प्रतिमा बरी राहिली असती. पण पुढचे सांगायला हवे. मी तिला पलंग दिला आणि मी खाली चादर अंथरली. ती आडवी झाली. पण तिला झोप नव्हती. अंधारात ती विचारू लागली. तुमचं कोण आहे? मी म्हटले, जाऊबाई. आजार कुठला? मी सांगितला. किती दिवस झाले? पोरं किती? मी एकेक उत्तर देत गेले. खरे सांगायला तोंड उघडे आणि प्रत्येक वेळी वाटे, आता हिला ‘मी नाटक पाहायला आले’ असे सांगणे म्हणजे माझ्या मनाचा बोजा उतरवून तिच्या छातीवर ठेवणे. तिला बिचारीला निजू द्यावे. हा विचार थोर होता की भित्रा होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बहुधा दोन्ही, थोर विचारांच्या आडोशाला भित्रे विचार नेहमीच येऊन बसतात. कादंबरीकार असल्यामुळे माझी न आजारी पडलेली जाऊ हळूहळू चांगली जिवंत झाली. तिला जेवण जात नव्हते, तिला धाकट्या मुलाची काळजी होती. ती बाई मधून मधून ‘च्... च्...’ करी. मग तिने मला धीर दिला. म्हणाली, ‘ताई, आपण हाय उपडी पडायचं नाही. डाक्टर देवमाणूस हायत तिथले.’ तिचे स्वतःचे दुखणे माझ्या जावेपेक्षा पुष्कळ पुढे गेलेले होते, हे तिच्या बोलण्यातून मला कळत होते. शेवटी तिने कनवटीची एक कागदाची पुडी काढली, तिच्यातला थोडा अंगारा चाचपडत दुसऱ्या कागदात बांधला आणि पलंगावरून हात खाली करून माझ्या हातात दिला. ‘आमच्या भैरोबाचा हाय. जावेच्या उशाशी ठिवा.’

मी तो घेतला.

सकाळी जाग आली तेव्हा ती गेलेली होती. पलंगपोस घडी घालून ठेवला होता. धर्मशाळेच्या कचेरीपुढे नंबर लावायला दोघे पहाटेच गेले, असे मुलाने सांगितले. मी चहा घेतला. दुपारी चारच्या दुसऱ्या नाटकाचे तिकीट माझ्यापाशी होते. वाचकांची अशी कल्पना असेल की मी ते फाडून टाकले. नाही; मी गेले, आणि मला नाटक आवडले. मध्यंतरात वडाही खाल्ला. फक्त दिवे मालवले की डाव्या हाताला ती पुडी आहे की नाही हे पर्स चाचपून पाहत होते.

संध्याकाळी पिशवी घ्यायला आले तेव्हा मी मॅनेजरपुढे चारशे रुपये ठेवले आणि काय ते सांगून टाकले. तो बराच वेळ नोटांकडे पाहत राहिला. रागावला नाही. मी म्हटले, तो शब्द खोडून दुरुस्त करते. तेव्हा मात्र तो घाईघाईने नोंदवही मिटून म्हणाला, ‘खाडाखोड चालत नाही, बाई. पोलीस बघतात.’ पैसे त्याने घेतले. त्यातली एक शंभराची नोट त्याने त्या पाणी भरणाऱ्या मुलाला दिली. का, ते मी विचारले नाही. त्या वहीत मी अद्यापि ‘वैद्यकीय’ आहे.

पुडी माझ्या टेबलाच्या खणात, रंगांच्या नळ्यांशेजारी आहे. ती देवापुढे ठेवायला मन होत नाही, कारण ती खोटे सांगून मिळाली. टाकवत नाही, कारण देणारीने ती खरेपणाने दिली. माझ्या जाऊबाई ठणठणीत आहेत. परवा त्या घरी आल्या तेव्हा त्यांना पाहून मला उगीचच भरून आले आणि त्या म्हणाल्या, ‘काय गं, अशी काय बघतेस?’

यंदा दिवाळीच्या सुटीत पुन्हा जायचे ठरले आहे. मी त्याच लॉजात फोन केला. मॅनेजरने आवाज ओळखला. जालन्याच्या त्या दोघांचे पुढे काय झाले हे त्याला ठाऊक नव्हते. तेथे रोज इतके लोक येतात. मग सवयीने त्याने विचारले, ‘दवाखान्याचं काम?’

मी म्हटले, ‘नाही. नाटकाला येतेय. एकटीच.’

तिकडे थोडा वेळ शांतता होती. मागे कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

‘मग बाराशे पडतील,’ तो म्हणाला.